आफ्रिकेतल्या खेड्यांत आरोग्याच्या कामाला निघालेल्या आपल्या डॉक्टर आणि पब्लिक हेल्थवाल्या मंडळींना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

आपल्याकडची बरीच मुलंमुली आता पब्लिक हेल्थची डिग्री घेऊन आफ्रिकेतल्या प्रोजेक्टवर जायला लागलीयत, कोणी घाना, कोणी मलावी, कोणी नायजेरिया, आणि जे जात नाहीत त्यातले काही इथे पुण्या-मुंबईत बसून तिकडची प्रपोजलं लिहितात. अशी प्रपोजलं तपासायचं काम माझ्याकडे येतं म्हणून हे पत्र. जवळपास प्रत्येकात एक वाक्य ठरलेलं असतं, की गावातल्या लोकांना माहिती नाही, अंधश्रद्धा आहे, त्यामुळे लोक दवाखान्यात येत नाहीत, सबब आपण अवेअरनेस करणार. मग पोस्टर, पथनाट्य, आणि हल्ली मोबाइलवर मेसेज. बजेटचा मोठा तुकडा त्यातच जातो.

मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते सविस्तर सांगते. तिथल्या खेड्यात आजारी पोराची आई एकटी नसते. दवाखान्यात जायचं की नाही, कधी जायचं, पैसे कोण देणार, हे ती एकटी ठरवतच नाही. ते कुठे ठरतं, कोण ठरवतं, आणि तिने ते डावलून पाऊल उचललं तर तिचं पुढे काय होतं, हे शोधल्याशिवाय कृपा करून एक पैसाही खर्च करू नका.

घानाच्या अगदी उत्तरेला, बुर्किना फासोच्या सीमेला लागून, कासेना-नानकाना नावाचा भाग आहे. नाव्रोंगो हे तिथलं मुख्य गाव. वस्ती म्हणजे मातीच्या भिंतींची, एकमेकांना चिकटून बांधलेली धाब्याची घरं, मधे अंगण, पुढे पूर्वजांचं ठाणं, बाजूला गुरं आणि धान्याची कणगी. अशा एका आवारात चार-पाच भावांचे संसार असतात आणि सगळ्यात वडीलधारा पुरुष त्या आवाराचा कर्ता, कणगीतलं धान्य त्याच्या हातात. आता रात्री एखाद्या पोराला ताप भरला तर आई नवऱ्याला सांगणार, नवरा कर्त्याला सांगणार, कर्ता मग ठरवणार की घरगुती औषध द्यायचं, का दवाखाना, का आधी पूर्वजांना विचारायचं. विचारायला एक माणूस असतो, आपल्याकडे कोकणात देवाला कौल लावतात तसा तो पूर्वजांचा कौल घेतो. हे सगळं होईस्तोवर दिवस जातो, कधी दोन. लहान पोराचा मलेरिया डोक्यात गेला तर तेवढ्यात सगळं संपतं. आणि आई न विचारता पोर घेऊन चालत दवाखान्यात गेली, आणि तिथे काही बरंवाईट झालं, तर बोल तिच्यावरच येतो. तिला मलेरिया डासांमुळे होतो हे माहीत असतं हो. पोस्टरने तिला जे सांगायचं ते तिला आधीच माहीतेय, अडचण तिच्या ज्ञानात नाहीचे.

याच नाव्रोंगोत १९९४ मध्ये एक प्रयोग सुरू झाला, जो मी प्रत्येक नव्या माणसाला आधी वाचायला सांगते. आधी तीन गावांत लोकांशी बोलून, चुकत शिकत बसवला, मग १९९६ पासून अख्ख्या तालुक्यात चार वेगवेगळ्या पद्धतींनी करून पाहिला. एका भागात नर्सला आरोग्य केंद्रातून काढून थेट गावात राहायला पाठवलं, तिचं राहायचं घर गावाने श्रमदानातून बांधायचं, जागा गावच्या प्रमुखाने द्यायची, आणि ती मोटरसायकलवर दारोदार फिरणार. दुसऱ्या भागात गावचे प्रमुख, वडीलधारे, स्वयंसेवक, गावाची जाहीर सभा (तिकडे या सभेला दरबारच म्हणतात), म्हणजे तिथली जी मुळातली समाजाची घडी आहे तिच्यातून काम. तिसऱ्या भागात दोन्ही एकत्र, आणि चौथ्यात जसं चाललं होतं तसंच.

जो निकाल आला त्यावर मी अजूनही विचार करते. जिथे नर्स गावात राहायला गेली तिथे लहान मुलांचे मृत्यू तीन वर्षांत निम्म्याहून कमी झाले. जिथे फक्त स्वयंसेवक होते तिथे मुलांच्या मृत्यूंवर काहीच परिणाम नाही. म्हणजे नुसत्या सभा घेऊन, समाज जोडून, पोरं वाचत नाहीत, औषध आणि ते देता येणारं शिकलेलं माणूस लागतंच. पण कुटुंबनियोजनाचं बघा. तिथे नुसती नर्स पुरी पडली नाही. जिथे नर्स आणि गावाची घडी दोन्ही एकत्र चाललं तिथे बाईमागे साधारण एक मूल कमी झालं, सुरुवातीच्या वर्षांतच. एकाच गावात दोन प्रश्न आणि दोन्हींची कुलपं वेगळी. पोराचा ताप असेल तर नर्स दारात आली की परवानगीचा प्रश्नच पुष्कळ मिटतो, लांब जायचं नाही, रात्र काढायची नाही, कर्त्याच्या डोळ्यांसमोर उपचार होतो. पण गर्भनिरोधक म्हटलं की नर्स दारात आली काय न आली काय, नवऱ्याच्या मनातली भीती तिथेच राहते.

ती भीती काय होती हे तिथल्या संशोधकांनी बायकांना आणि पुरुषांना वेगवेगळं बसवून विचारलं. लग्नात मुलाकडच्यांनी देज म्हणून गुरं दिलेली असतात आणि त्यात धरलेलं असतं की ही बाई या घराला मुलं देणार. तिने गुपचूप इंजेक्शन घेतलं तर नवऱ्याला वाटतं की ही आता दुसरीकडे जाणार, आपला शब्द चालत नाही, आणि आवारातले बाकीचे पुरुष हसणार. बायकांना माराची भीती, घरातून काढून देतील ही भीती, सवतीचीही भीती. आता यावर तुम्ही बाईला पत्रक देणार? नाव्रोंगोवाल्यांनी पुरुषांच्या सभा घेतल्या, प्रमुखांना समोर उभं करून बोलतं केलं, पुरुष स्वयंसेवक घेतले, घरात तंटा झाला तर मधे पडायला माणसं ठेवली. आणि अजून एक केलं जे मला फार आवडतं. कौल घेणाऱ्यांकडे जाऊन, त्यांच्यामार्फत थेट पूर्वजांनाच विचारलं की घरात मुलं किती असावीत. सगळ्या पूर्वजांनी भरपूर मुलं मागितली नाहीत! काहींनी थोडकीच बरी असंही सांगितलं. ज्याला आपण इथून बसून ‘रूढीचा अडसर’ म्हणून एका ओळीत उडवतो त्याच्या आत इतकी जागा असते, फक्त कोणीतरी आदराने जाऊन विचारावं लागतं.

पुढे १९९९ मध्ये घाना सरकारने हीच पद्धत देशाचं धोरण म्हणून घेतली. सगळीकडे नाव्रोंगोसारखी उतरली का, तर नाही, कारण बऱ्याच ठिकाणी इमारत बांधली आणि समाजाशी बोलायचा भाग गाळला. इमारतीचा फोटो काढता येतो ना. सभा, समजूत, वडीलधाऱ्यांकडे चार चकरा याचा फोटो काय काढणार आणि रिपोर्टमध्ये कुठल्या रकान्यात टाकणार. तुमच्यातले जे डोनरसाठी (पैसे देणाऱ्या संस्थांसाठी) इंडिकेटर, म्हणजे काम मोजायचे निकष, ठरवतात त्यांनी हा परिच्छेद जरा परत वाचावा ही विनंती.

आता सेनेगलकडे चला. मुलींच्या जननेंद्रियांची काटछाट, खतना म्हणा, हा विषय आपल्याकडे निघाला की लोक लगेच ‘किती क्रूर लोक’ म्हणून मोकळे होतात. १९९७ च्या जुलैमध्ये मालिकुंदा बांबारा या गावातल्या बायकांनी जाहीर केलं की आम्ही हे बंद करतोय. तोस्तान नावाची संस्था तिथे शिक्षणाचे वर्ग चालवत होती, त्यातून बायका बोलायला लागल्या होत्या. बातमी मोठी झाली, आणि लगेच आसपासच्या गावांतून त्यांना शिव्या पडायला लागल्या. तेव्हा जवळच्याच केर सिंबारा गावचे इमाम देंबा जावारा यांनी एक अगदी व्यवहाराची गोष्ट सांगितली, की एकटं गाव हे सोडूच शकत नाही. आमच्या मुली दुसऱ्या गावांत देतो, तिकडच्या मुली आम्ही करून आणतो, ज्या मुलीची काटछाट झालेली नाही तिला तिकडे सून म्हणून कोण घेणार, तिच्या हातचं कोण खाणार. मग सोयरिकीच्या सगळ्या गावांनी मिळून ठरवायला पाहिजे. आणि हा वयस्कर माणूस खरोखर पायी निघाला, नातलगांच्या दहा गावांत एकेक करून गेला, हुकूम न सोडता, दोष न देता, बसून बोलला. १९९८ च्या फेब्रुवारीत दियाबुगू इथे १३ गावांनी एकत्र जाहीर केलं. सरकारचा कायदा आला तो त्यानंतर, १९९९ च्या जानेवारीत.

इथे आईचं प्रेम कमी पडत होतं असं अजिबात नाही. पोरीचं लग्न व्हावं, तिला चारचौघींत मान मिळावा, म्हणूनच आई ते करून घेत होती. प्रेमापोटीच पोरीच्या अंगाला इजा होत होती. अशा वेळी एकेका आईला समजावून काय होणार, तिने एकटीने ऐकलं तर तिच्याच पोरीचं नुकसान. पण सोयऱ्यांनी सगळ्यांनी एकदम सोडलं तर कोणाचंच नाही. ज्यांना खेड्यातल्या लग्नाच्या बैठकी माहितीयत त्यांना हे अर्ध्या मिनिटात कळेल, आणि म्हणूनच मला वाटतं की आपली गावाकडची मुलं हे काम चांगलं करू शकतील, फक्त डिग्री मिळाल्यावर ते विसरून जातात.

इबोलाबद्दल थोडं लांब लिहिणार आहे कारण तिथे किंमत फार मोठी मोजली गेली. डिसेंबर २०१३ मध्ये गिनीच्या जंगलपट्ट्यातल्या मेलियांदू या छोट्या गावातून साथ सुरू झाली, मग लायबेरिया, सिएरा लिओन, एकूण २८,६०० च्या वर रुग्ण आणि ११,३०० च्या वर मृत्यू. इबोलाने गेलेल्या माणसाच्या शरीरात विषाणू भरपूर असतो, आणि तिथे मेलेल्या माणसाला घरच्यांनी आंघोळ घालणं, हात लावून निरोप देणं हे कर्तव्य आहे, ते नाही केलं तर मेलेला नीट पूर्वजांत जात नाही आणि जिवंतांना त्रास होतो अशी धारणा. म्हणजे जे सगळ्यात जवळचे, ज्यांनी सेवा केली, तेच पटापट आजारी पडत गेले. सुरुवातीला बाहेरून आलेल्या टीमनी काय केलं, तर नखशिखान्त झाकलेली माणसं आली, क्लोरीन मारलं, बॅगेत भरलं, घेऊन गेले, घरच्यांना नीट सांगितलंही नाही कुठे पुरलं. लोकांनी मग आजारी माणसं लपवायला सुरुवात केली, रात्री गुपचूप पुरायला लागले. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात तर जनजागृतीला गेलेल्या टीममधल्या आठ जणांना मारून टाकलं. त्याचं समर्थन कोणीच करणार नाही, मी तर नाहीच. पण ‘अडाणी लोक’ म्हणून ते प्रकरण मिटवणाऱ्यांनी हेही बघावं की त्या भागाचा सरकारवर आणि बाहेरच्यांवर विश्वास किती वर्षांपासून उडालेला होता.

गिनीतल्याच ‘किसी’ नावाच्या जमातीतली एक केस आहे. एक गरोदर बाई इबोलाने गेली. त्यांच्यात पोटातलं मूल वेगळं केल्याशिवाय गरोदर बाईला पुरत नाहीत, तसंच पुरलं तर सगळ्या गावावर अरिष्ट येतं अशी धारणा. आणि इबोलाच्या देहाचं ऑपरेशन करणं म्हणजे करणाऱ्याचा जीव धोक्यात. कोंडी झाली, गाव पुरू देईना, टीम हात लावेना. मग साथीच्या कामावर असलेल्या एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी वडीलधाऱ्यांमध्ये बसून विचारलं की समजा काही कारणाने हे करताच आलं नाही तर तुमच्यात काही तोड आहे का. होती. प्रायश्चित्ताचा एक विधी होता, तो जाणणारा म्हातारा शोधला, विधीला लागणारं साहित्य जागतिक आरोग्य संघटनेने पुरवलं, आणि बाईला सुरक्षितपणे पुरलं गेलं. एवढ्या मोठ्या साथीत एका बकरीचा आणि थोड्या सामानाचा खर्च तो काय! पण विचारणारं कोणीतरी असावं लागलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित आणि सन्मानाने अंत्यविधीची नवी पद्धत काढली, घरच्यांना अंतरावरून हजर राहू द्यायचं, इमाम किंवा पाद्र्याला प्रार्थना करू द्यायची, मुसलमान असेल तर पाण्याच्या आंघोळीऐवजी त्यांच्याच धर्मात असलेली कोरडी शुद्धी. हे पहिल्याच महिन्यात करता आलं नसतं का, हा प्रश्न मला सोडत नाही.

विश्वासाचा विषय निघालाच आहे तर नायजेरियातलं कानो. २००३ मध्ये तिथे पोलिओची लस थांबवली गेली, लशीने मुली वांझ होतात अशी अफवा, आणि त्यातून पोलिओ जवळपास वीस देशांत परत पसरला. सगळ्यांनी अफवेवर लेख लिहिले. पण १९९६ मध्ये त्याच कानोत मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाच्या) साथीत फायझर कंपनीने ट्रोवन नावाच्या औषधाची २०० मुलांवर चाचणी घेतली होती, त्यातली ११ मुलं दगावली, आईबापांची संमती नीट घेतली नव्हती असे आरोप झाले, कंपनीने ते नाकारले, खटले चालले, आणि २००९ मध्ये कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड झाली. कानोतल्या आईबापांच्या डोक्यात हे होतं. शेवटी इंडोनेशिया या मुसलमान देशात बनलेली लस आणली, आणि पुढे उत्तरेकडचे पारंपरिक राजे, सोकोतोचे सुलतान, हे स्वतः उतरले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका नैसर्गिक पोलिओपासून (म्हणजे लशीतून न आलेल्या विषाणूच्या पोलिओपासून) मुक्त जाहीर झाली. डॉक्टरने सांगून जे झालं नाही ते राजाने चारचौघांत लहान पोराला थेंब पाजल्यावर झालं.

एक गोष्ट मात्र विसरू नका, रूढी फक्त गावात नसतात, दवाखान्यातही असतात. घाना, गिनी, नायजेरिया आणि म्यानमार या चार देशांत बाळंतपणाच्या वेळी प्रत्यक्ष बाजूला बसून निरीक्षण केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात ४० टक्क्यांहून जास्त बायकांना ओरडा, चापट, हेटाळणी असं काहीतरी सोसावं लागलेलं दिसलं. गरीब बाईला, फाटक्या लुगड्यातल्या कोवळ्या पोरीला कसं बोलायचं याच्या नर्सिंगच्या जगातही अलिखित पद्धती आहेत. बाई घरी बाळंत होते कारण घरी सासू पाठीवर हात ठेवते आणि तिकडे थप्पड बसते, हा हिशोब तिने केला तर तो अडाणीपणा कसा? आणि रस्ता नाही, औषध संपलंय, फी आहे, हे सगळं असताना दोष संस्कृतीवर ढकलणं हे तर सरकारांना फार सोयीचं पडतं, त्यात तुम्ही सामील होऊ नका.

आपल्या मंडळींना मोह होतो तो गडचिरोली मॉडेल उचलून नेण्याचा, म्हणून दोन ओळी. डॉ. अभय आणि राणी बंग यांचं घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचं काम १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले होते, अभिमान वाटावा असंच ते काम. त्या धर्तीवर घरभेटींचा प्रयोग घानातही मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला आणि तिथे फरक अगदी थोडा, ८ टक्क्यांच्या आसपास आणि तोही खात्रीने म्हणता येईना असा. गडचिरोलीत आरोग्यदूत बाई गावातलीच, घरात येऊन बाळाला इंजेक्शनसुद्धा देणारी, आणि मागे वर्षानुवर्षांचं नातं. घानात स्वयंसेवक भेट देऊन, बाळाला तपासून दवाखान्यात पाठवणार, म्हणजे फिरून तोच प्रश्न, जाऊ द्यायचं की नाही हे घरातलं कोण ठरवणार. मॉडेल विमानात घालून नेता येतं, नातं तिथेच जाऊन लावावं लागतं.

उलट मलावीच्या म्चिंजी जिल्ह्यात बायकांचे गट झाले, बाळंतपणात काय अडतं ते त्यांनीच मांडायचं, त्यांनीच उपाय ठरवायचा. नेपाळ, बांगलादेश, आपलं झारखंड-ओडिशा आणि मलावी अशा ठिकाणच्या सात अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१३ मध्ये आला. जिथे गावातल्या किमान ३० टक्के गरोदर बायका गटात येत होत्या तिथे नवजात मृत्यू एक तृतीयांशाने आणि मातामृत्यू निम्म्याहून कमी झाले. महागडं यंत्र नाही, फार मोठा खर्च नाही. गटात बसल्यामुळे एकटीचं म्हणणं चौघींचं झालं, आणि घरी जाऊन सासूला सांगताना ‘मी म्हणते’ ऐवजी ‘आम्ही सगळ्यांनी ठरवलंय’ म्हणता आलं, असं मला वाटतं. नायजरच्या झिंदर भागात २००७ पासून नवऱ्यांची शाळा चालते, तिथे पुरुष एकत्र बसून बायकोच्या तपासण्यांबद्दल बोलतात. आणि सेनेगलमध्ये आज्यांना बरोबर घेऊन काम करणारे लोक आहेत, कारण बाळाला पहिले सहा महिने पाणी द्यायचं की नाही हे शेवटी आजीच ठरवते, आणि तिला बाजूला सारून सुनेला शिकवलं तर घरात भांडण आणि बाळाच्या तोंडात पाणीच.

तर आता मागणी. पुढच्या फंडिंगच्या राउंडसाठी ज्यांची प्रपोजलं तयार होतायत त्यांनी बेसलाइन सर्व्हेत, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या पाहणीत, ‘तुम्हाला माहिती आहे का’ वाले प्रश्न निम्मे काढा आणि त्या जागी हे घाला: गेल्या वेळी मूल आजारी पडलं तेव्हा आधी कोणाला सांगितलं, कोणी हो म्हटलं, कोणी नाही, पैसे कोणाकडून आले, दवाखान्यात कोण कसं बोललं, आणि परत आल्यावर घरात काय झालं. पहिले तीन-चार महिने फक्त बसणं, ऐकणं, प्रमुखांना, आज्यांना, सोयऱ्यांच्या गावांना भेटणं यासाठी वेगळा निधी मागा, आणि डोनरने हे काय म्हणून विचारलं तर नाव्रोंगोचे आकडे पुढे करा. तिथली भाषा बोलणारी, तिथलीच माणसं पगारावर घ्या, नुसती दुभाषी म्हणून नको, निर्णयात घ्या, कारण तुम्ही दोन वर्षांनी परत येणार आणि ती तिथेच राहणार. ज्या संस्थेत हे मान्य होत नाही तिथल्या वरिष्ठांना हे पत्र पाठवा. कुठल्या गावात काय विचारायचं हे ठरवताना अडलात तर मला कळवा, मी बसून वाचून देईन.

तुमचीच,
प्रपोजलं तपासणारी एक ताई